देवदाराची होडी

गोल करवत चालू होती, देवदाराची फळी तिच्या तोंडात शिरत होती आणि फळी ढकलणारा बद्रीनाथ बोलता बोलता मध्येच गप्प झाला. हात पुढं सरकत राहिले, पण त्या हातांचा मालक तिथं नव्हता.

दुसऱ्या टोकाला भिवा फळी ओढून घेत होता. एरवी काम करताना बद्रीनाथचं तोंड बंद नसायचं, त्यामुळं ती शांतताच त्याला आधी खटकली. त्यानं मान वर केली. बद्रीनाथचे डोळे उघडे होते, शेडाच्या पत्र्यावर खिळलेले. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. उजवा हात फळीवरून घसरत करवतीच्या पात्याकडं निघाला होता.

भिवानं हाक मारली. पुन्हा मारली. मग फळी तशीच सोडून तो भिंतीकडं धावला, मेन बटण खाली ओढलं आणि पातं अजून फिरत असतानाच बद्रीनाथचं मनगट धरून त्याला मागं खेचलं. पातं घरघरत थांबलं. बद्रीनाथ मात्र आणखी थोडा वेळ शर्टाचं बटण चाचपत उभा राहिला. मग त्याच्या नजरेत हळूहळू माणूस परत आला.

"लाइट गेली का?" त्यानं विचारलं.

भिवानं बद्रीनाथची बोटं उलटीपालटी करून पाहिली. सगळी शाबूत होती. बद्रीनाथ हसला, माझा हात कामून धरला म्हणाला आणि फळी उचलायला वाकला. मधल्या वेळेत काय झालं याचा त्याला पत्ताच नव्हता.

शहागडात या दोघांची जोडी सगळ्यांना ठाऊक होती. शाळेत एका बाकावर बसले, गोदावरीत एकत्र पोहायला शिकले. पुढं बद्रीनाथ वडिलांच्या मोसंबीच्या बागेत राहिला आणि भिवा जालन्याला गेला. तिथं एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो लाकडी पॅटर्न बनवायचा. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब नमुना आधी लाकडात घडवावा लागतो, ते त्याचं काम. सगळी नोकरी त्यात गेली. निवृत्त होऊन तो बायकोला, बेबीनंदाला, घेऊन गावी परतला, तेव्हा रंधे, पटाशा आणि करवती यांनी भरलेली पेटी सोडली तर त्याला हात गुंतवायला काही नव्हतं.

होडीचं खूळ बद्रीनाथचं. मोबाईलवर त्यानं परदेशातल्या एका म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला होता. तो म्हातारा घरामागच्या शेडात बसून लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवत होता आणि त्यातून निमुळती, हलकी, दोन्ही टोकांना वर उचललेली होडी तयार होत होती. बद्रीनाथनं तो व्हिडिओ भिवाला इतक्या वेळा दाखवला की शेवटी भिवानंच कागद-पेन्सिल घेतली. प्लायवूडचे आडवे साचे कापायचे, ते ओळीनं उभे करायचे, त्यांच्यावरून पट्ट्या वाकवत न्यायच्या. पट्टीच्या एका कडेला खोबण, दुसरीला गोलाई, म्हणजे एकीत एक बसत जाते. सगळं चिकटलं की साचे काढून घ्यायचे आणि आतून-बाहेरून काचेच्या धाग्यांचं कापड रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून चढवायचं. भिवाला हे सगळं आपल्या जुन्या कामासारखंच वाटलं. फरक एवढाच की पॅटर्न वाळूत दाबून बाजूला टाकून द्यायचा असतो आणि ही वस्तू शेवटपर्यंत राहणार होती.

जालन्याच्या वखारीत उभं राहून भिवानं एकेक फळी उलटून पाहिली आणि गाठी नसलेल्या तेवढ्या देवदाराच्या घेतल्या. बद्रीनाथच्या घरालगत मोसंबी भरायचं पत्र्याचं शेड होतं, ते त्यांनी रिकामं केलं. शेडात देवदाराचा वास इतका भरला की बद्रीनाथची बायको नंदाबाई म्हणाली, माझ्या कपड्यांच्या पेटीत टाकायला भुसा ठेवा. गावातली माणसं सुरुवातीला बघायला येऊन हसून जायची. मग पट्ट्यांची कड वर चढत गेली, उपड्या होडीचं पोट दिसायला लागलं आणि हसणं कमी झालं.

करवतीचा तो प्रकार झाला तेव्हा निम्म्या पट्ट्या लागल्या होत्या.

भिवानं त्या दिवशी ती गोष्ट स्वतःजवळच ठेवली. ऊन लागलं असेल, पित्त असेल, असं त्यानं मनाला समजावलं. पण आठ-दहा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी बद्रीनाथ पट्टीला गोंद लावत होता. ब्रश पट्टी सोडून हवेत फिरायला लागला, ओठ चघळायला लागले, गोंदाचे थेंब त्याच्याच पायावर पडत राहिले. भिवानं त्याला धरून खाटेवर बसवलं आणि तो भानावर येताच सगळं सांगितलं. हे दुसऱ्यांदा आहे, तू मधूनच कुठंतरी जातोस, तुला आठवत नाही, डॉक्टरला दाखवू.

बद्रीनाथनं ऐकून घेतलं. तो दचकला नाही, आणि त्यावरूनच भिवाला कळलं की याला हे ठाऊक आहे.

"कधीपासून?" भिवानं विचारलं.

बद्रीनाथ म्हणाला, दिवाळीपासून. एकदा बागेत ठिबकची नळी हातात होती आणि पुढच्या क्षणी तो बांधावर बसलेला होता. एकदा मोटरसायकलवरून नुकताच उतरला होता तेव्हा झालं, म्हणून वाचला. नंदाबाईला कळू दिलं नव्हतं.

"आन् तू पण सांगायचं न्हाई," तो म्हणाला. "तुला माझी आण हाय भिवा. सोमेश्वरचं काय झालं तू बघितलंस."

सोमेश्वर बद्रीनाथचा थोरला भाऊ. त्याला फिट यायची. भिवा आणि बद्रीनाथ शाळेत होते तेव्हा एकदा भर बाजारच्या दिवशी तो एसटी स्टँडवर कोसळला होता. माणसांनी कडं केलं. कोणी कांदा फोडून आणला, कोणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली आणि ती चप्पल बराच वेळ तशीच धरून ठेवली. घरी आल्यावर सोमेश्वरनं अंगावरचा सदरा स्वतः धुतला. त्यानंतर तो बाजाराला कधी गेला नाही. पुढं पुढं तो दारातसुद्धा येईना. गावात त्याचं नाव मागं पडलं आणि सगळे त्याला मिरगीवाला म्हणायला लागले. तो गेला तेव्हासुद्धा, कोण गेलं असं कोणी विचारलं की लोक तेच सांगत होते.

भिवानं शब्द दिला. द्यायला नको होता, हे देतानाच कळत होतं. बद्रीनाथ म्हणाला, होडी एकदा पाण्यात उतरू दे, मंग तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो.

त्या दिवसापासून शेडातलं काम भिवासाठी बदललं. करवतीला तो बद्रीनाथला हात लावू देईना. काहीतरी सबब काढायचा, पट्टी नाजूक आहे, माझा अंदाज बसलाय, तू पट्ट्या धरणारे क्लॅम्प बघ. रंधा मारताना त्याचं लक्ष लाकडावर कमी आणि बद्रीनाथच्या बोलण्यावर जास्त असायचं. बोलणं चालू असलं की बरं वाटायचं. बद्रीनाथ दम घ्यायला थांबला तरी भिवाचा रंधा अडखळायचा. घरी गेला की त्याला जेवण जात नसे. बेबीनंदानं दोनदा विचारलं, तब्येत बरी न्हाई का. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, नुसतं ताट पुढं सरकवून समोर बसून राहिली. तेव्हा त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, आज नंदावहिनीला सांगून टाका. भिवा म्हणाला, शब्द दिलाय. त्यावर बेबीनंदा उठली आणि भांडी घासायला गेली.

नंदाबाई काही आंधळी नव्हती. एके दिवशी बद्रीनाथ बागेत गेला असताना ती चहा घेऊन शेडात आली. कप भिवाच्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, परवा ह्यांच्या हातातून गरम दूध सांडलं, पाय भाजला तरी हे तसेच उभे होते. विचारलं तर चिडले. तुम्ही दिवसभर सोबत असता, तुम्हाला काही दिसलं का?

भिवा कपाकडं बघत म्हणाला, "न्हाई वहिनी. वय झालंय, एवढंच."

नंदाबाईनं मान हलवली. जाताना ती पुन्हा वळली. "भिवाभाऊ, तुम्ही हाय म्हणून मला घोर न्हाई," असं म्हणून ती गेली. चहा तसाच थंड झाला.

एप्रिल लागला तेव्हा शेवटची पट्टी बसली. दोन्ही बाजू वर येऊन मधोमध मिळत होत्या, तिथं एक लांब, दोन्हीकडं टोकदार फट राहिली होती. भिवानं ती पट्टी तासून तासून आणली आणि हातोडीच्या दांड्यानं हळूच ठोकली. ती बसली. मग पाच-सहा दिवस दोघांनी पॉलिश पेपर मारला. उपडी होडी शेडात अशी दिसत होती की येणारा माणूस आधी तिच्यावर हात फिरवायचा, मग बोलायचा.

आता कापड आणि रेझिन उरलं होतं. हे काम सगळ्यांत अवघड, कारण त्याला थांबता येत नाही. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू. भिवानं आधी एका वाटीत मिसळून पाहिलं होतं. पत्र्याखालच्या उन्हात ती वाटी बघता बघता इतकी तापली की धूर निघाला आणि प्लास्टिक वितळलं. त्यानं बद्रीनाथला बजावलं होतं की थोडं थोडंच मिसळायचं, सकाळच्या गारव्यात, आणि मिसळलं की लगेच कापडावर ओतून रबराच्या पट्टीनं पसरायचं. भांड्यात राहू द्यायचं नाही.

कापड चढवायच्या आदल्या दिवशी बद्रीनाथ खुशीत होता. बोलता बोलता तो सांगून गेला की बुद्धपौर्णिमेच्या सकाळी बंधाऱ्याच्या पाण्यात होडी टाकू, तुझ्यासाठीच तो दिवस धरलाय. आणि पहिली फेरी मी एकटा मारणार, पार पुलापर्यंत जाऊन येणार.

भिवाच्या डोळ्यांसमोर ते पाणी आलं. पुलाजवळ ते किती खोल आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं हातातला पेपर खाली ठेवला.

"आधी डॉक्टर," तो म्हणाला. "मंग कापड. तू डॉक्टरकडं गेल्याशिवाय मी हात लावणार न्हाई."

बद्रीनाथला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. शब्द दिल्ता ना तू, तो म्हणाला. भिवा म्हणाला, शब्द सांगायचा न्हाई असा होता, तुला बुडताना बघायचा न्हव्हता. आवाज चढले. बद्रीनाथ म्हणाला, लोक मला उद्या मिरगीवाला म्हणतील, तुझं काय जातंय. भिवा म्हणाला, माझं काय जातंय ते तुला कळत असतं तर ही वेळ आली नसती. तेव्हा बद्रीनाथ जे बोलायला नको ते बोलला. शेड माझं आहे, लाकूड माझं आहे, तू नुसता मिस्त्री आहेस, मिस्त्री दुसरा मिळेल.

भिवानं रंधे पुसले, पटाशा फडक्यात गुंडाळल्या, पेटी उचलली. अंगणात नंदाबाई तूर निवडत होती. एवढ्या लवकर कुठं निघाले, असं तिनं विचारलं. भिवा थांबला. तेव्हा सांगता आलं असतं. पण आत्ता सांगितलं तर ते रागानं सांगितल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं, आणि तो काम हाय म्हणून निघून गेला.

चार-पाच दिवस दोघांत बोलणं नव्हतं. भिवा घरी बसून एकच पाट तासत राहिला, तो इतका पातळ झाला की शेवटी चुलीत घालावा लागला. मग एका सकाळी फोन वाजला. बद्रीनाथचा पुतण्या कल्याण बोलत होता. महामार्गावर त्याचं टायरचं दुकान होतं, काकानं त्याला मदतीला बोलावलं होतं. त्यानं साधंच विचारलं, भिवाकाका, कापड अंथरून झालंय, निम्म्यावर रेझिन लावलंय, पण डबा संपायच्या आतच घट्ट होतोय. म्हणून काकांनी सगळं एकदमच बादलीत मिसळायला घेतलंय. हार्डनर तेवढाच टाकायचा ना?

"बादलीत?" भिवा म्हणाला. "कल्याण, ती बादली बाहेर ने. आत्ता. काकाला हात लावू देऊ नको."

पण फोनवर कल्याण दुसऱ्याच कोणाला तरी हाका मारायला लागला होता. काका, ओ काका. मग फोन पडल्याचा आवाज आला.

भिवाचं घर तिथून तीन गल्ल्या पलीकडं. गाडी काढायचंही त्याला सुचलं नाही. तो अनवाणी पळाला. वळणावर त्याला आधी वास आला, तिखट, घसा धरणारा. शेडाच्या दारातून पांढरा धूर बाहेर येत होता.

आत होडीशेजारी बद्रीनाथ उभा होता. बादली त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. बादलीतलं रेझिन फसफसत होतं आणि त्याचा धूर थेट बद्रीनाथच्या तोंडावर जात होता, तरी त्याची पापणी लवत नव्हती. ओठ चघळत होते. बादलीचं प्लास्टिक एका बाजूनं मऊ होऊन फुगलं होतं. कल्याण दोन पावलांवर उभा राहून त्याला हाका मारत होता, जवळ जायला धजत नव्हता.

भिवानं बादली धरली. बद्रीनाथची बोटं तिला आवळून बसली होती. एकेक बोट उलगडावं लागलं. तोवर भिवाच्या तळहाताला बादली चिकटायला लागली होती. ती सुटताच तो दाराकडं वळला आणि त्यानं ती अंगणात लांब फेकली. फरशीवर आपटून ती फुटली आणि आतला गोळा कडकड वाजत तडकला. मागं वळून बघतो तर बद्रीनाथ ताठ होऊन मागं कलला होता. भिवा पोचला तेव्हा त्याचं डोकं भुईपासून हातभर अंतरावर असेल. दोघंही भुशात पडले. बद्रीनाथचं सगळं अंग झटके द्यायला लागलं.

भिवानं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली मांडी दिली. तेवढ्यात कल्याण पायातली चप्पल काढून घेऊन आला.

"चप्पल न्हाई," भिवा म्हणाला. "ती लांब टाक. आन् दार लोटून घे, बाहेरचं कोणी आत येऊ देऊ नको."

दार लोटायला कल्याण वळला तेव्हा दारात नंदाबाई उभी होती. ती कधी आली कोणाला कळलं नाही. ती आत आली, नवऱ्याच्या पायाशी बसली आणि त्याचे टाचा घासणारे पाय तिनं नुसते हातात घेतले. झटके कमी होत होत थांबले. बद्रीनाथ घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला. मग नंदाबाईनं वर पाहिलं.

"हे पहिल्यांदा न्हाई ना?"

"न्हाई वहिनी."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

तिनं पदरानं नवऱ्याच्या तोंडाचा फेस पुसला.

कल्याण होडीकडं बघत म्हणाला, भिवाकाका, कापड घट्ट व्हायला लागलंय. भिवानंही पाहिलं. होडीच्या अर्ध्या पोटावर कापड भिजून दिसेनासं झालं होतं, लाकूड मधासारखं चमकत होतं. पुढं ओल्या-कोरड्याची सीमा होती, तिथं सुरकुत्या आणि बुडबुडे उठत होते. आत्ता कोणी रबराची पट्टी हातात घेतली असती, डब्यात थोडं नवं मिसळलं असतं, तर ते वाचलं असतं. न घेतलं तर तसंच दगड होणार होतं. हिवाळाभराचं काम होतं ते. कल्याणच्या हातात पट्टी होती आणि तो विचारणाऱ्या नजरेनं बघत होता.

"राहू दे ते," भिवा म्हणाला. "गाडी आण."

जालन्यापर्यंत बद्रीनाथ मागच्या सीटवर नंदाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. भिवा पुढं बसला होता, तळहात ओल्या फडक्यात गुंडाळून.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, आणखी तपासण्या झाल्या. दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत एका जागी जुना व्रण आहे, बहुधा कधीतरी न कळता रक्तपुरवठा अडकला असावा. गाठ नाही. गोळ्या नेमानं घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. मोटरसायकल, ट्रॅक्टर, विहिरीचा काठ आणि पाणी, यांपासून लांब राहायचं, पुढं काय ते वर्षभरानं बघू. बद्रीनाथनं विचारलं, याला मिरगीच म्हणायचं ना? डॉक्टर म्हणाले, तुम्ही काहीही म्हणा, गोळी तीच आहे.

भिवा भेटायला आला तेव्हा बद्रीनाथ भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो तसाच पडून म्हणाला, हात दाखव. भिवानं पट्टी बांधलेला हात पुढं केला. बद्रीनाथनं तो धरला नाही, नुसता पाहिला. मी मिस्त्री म्हणलो तुला, तो म्हणाला. भिवा म्हणाला, मिस्त्रीच हाय मी. भिवा संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होता.

नंदाबाईचं तसं नव्हतं. व्हरांड्यात भिवानं तिच्याजवळ विषय काढायचा प्रयत्न केला. शब्द दिल्ता वहिनी, एवढंच तो म्हणाला.

"शब्द त्यांना दिला," नंदाबाई म्हणाली. "जेवत तुम्ही माझ्या हातचं होता. मी तोंडानं विचारलं होतं तुम्हाला."

त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. बद्रीनाथ घरी आला, भिवा रोज जायचा, ती चहा आणून ठेवायची आणि आत जायची. बेबीनंदाशी ती बोलायची, भिवाशी नाही. भिवाला ते बरोबर वाटायचं. त्यानं कधी तक्रार केली नाही.

तळहात बरा झाल्यावर तो शेडात शिरला. अर्धवट चढलेलं कापड हाडासारखं कडक झालं होतं. गरम हवा सोडणाऱ्या हीट गननं तापवून, पटाशीनं सोलून, जिथं सुटत नव्हतं तिथं घासून त्यानं ते काढलं. पावसाळा सगळा त्यात गेला. काही ठिकाणी लाकूड खरवडलं गेलं, तिथं त्यानं नवे तुकडे बसवले. बद्रीनाथ खाटेवर बसून बघायचा. गोळ्यांनी त्याला सुस्ती यायची, जीभ जड व्हायची, पण महिने गेले तरी तो कुठं हरवला नाही. दिवाळीनंतरच्या गारव्यात कापड पुन्हा अंथरलं. दोन माणसं लागणार होती. कल्याण दुकानात अडकला होता. भिवा डबा आणि काठी घेऊन उभा होता तेवढ्यात नंदाबाई आली, पदर खोचला आणि रबराची पट्टी हातात घेतली. सगळी सकाळ दोघांनी काम केलं. इकडून, थोडं दाबून, आता पुरे, एवढेच शब्द झाले. खाटेवरून बद्रीनाथ मात्र चुका दाखवत होता.

होडी पाण्यात नेली त्या दिवशी बंधाऱ्यावर गावातली बरीच माणसं जमली होती. बद्रीनाथच्या आजाराची गोष्ट एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाली होती. कोणी पाठीमागं तो शब्द म्हणत असेलही. तो त्यांच्यातूनच चालत काठाशी आला. कल्याणनं आणि भिवानं होडी पाण्यात ठेवली. ती इतकी हलकी तरंगली की लाटेवाचूनच डुलत होती.

पहिली फेरी बद्रीनाथची नव्हती. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तो काठावर राहणार, हे नंदाबाईनं ठरवलं होतं. मग आधी कोण बसणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघत असताना ती म्हणाली, मी बसते. तिला पोहता येत नव्हतं. लुगड्यावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून ती पुढच्या बैठकीवर बसली. तिचे दोन्ही हात कडांना आवळलेले होते. भिवा मागं बसला आणि त्यानं वल्ह्यानं काठ लोटला.

होडी एकदम डावीकडं कलली. काठावरून कोणीतरी ओरडलं. भिवानं वल्हं पाण्यात आडवं दाबलं. नंदाबाईची पाठ ताठ झाली होती. तो हळूच म्हणाला, वहिनी, मधोमध बसा, खाली बघू नका, समोर बघा. तिनं ऐकलं. होडी सावरली. त्यानं एक वल्हं मारलं, मग दुसरं. पाणी बाजूंनी सळसळत मागं गेलं. काठ लांब गेला, माणसांचे आवाज लहान झाले.

पाण्याच्या मधोमध आल्यावर नंदाबाई बोलली. तिचं तोंड पुढं होतं, भिवाला फक्त तिचा अंबाडा आणि जॅकेटचा नारिंगी रंग दिसत होता.

"त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, मलाच ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "कदाचित मीपण झाकलं असतं. लोकांना भिऊन."

भिवानं वल्हं थांबवलं.

"पण मला कळायला पायजे होतं, भिवाभाऊ. घर माझं हाय. पुढच्या वेळी कोणाचाही शब्द असो, मला आधी सांगायचं."

"सांगीन," भिवा म्हणाला.

थोड्या वेळानं तिनं एक हात कडेवरून सोडला आणि पाण्यात बुडवला. लगेच काढला, पुन्हा बुडवला. मग विचारलं की पुलापर्यंत किती वेळ लागेल. भिवा म्हणाला, लांब हाय, आज नको. तिनं मान हलवली, पण होडी वळवा असंही म्हणाली नाही.

काठावर बद्रीनाथ त्यांच्याबरोबर चालायला लागला होता. पाण्यापासून हात-दोन हात अंतर ठेवून, बाभळींतून वाट काढत, मध्येच थांबून हातवारे करत तो काहीतरी सांगत होता. वल्हं चुकीचं धरलंय असं असावं. वाऱ्यामुळं शब्द पोचत नव्हते. भिवानं होडी थोडी काठाच्या बाजूला घेतली, म्हणजे त्याचं बोलणं ऐकू येईल.